मुकादमिणीची राहिलेली आंघोळ

माझ्या आतेभावाला सगळे भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी लागलेली माणसं जगात पुष्कळ असतात, पण ती कधीतरी दमतात आणि खाटेवर आडवी होतात. याचं तसं नाही. हा जेवताना मधेच उठतो आणि कशाला उठलो ते उठल्यावर ठरवतो. दाढीला बसला की एक गाल झाल्यावर त्याला कुंपणाची सैल तार आठवते. मग त्या दिवशी भेटणाऱ्यांनी कुठल्या बाजूला उभं राहून बोलायचं ते आपापलं बघावं. त्याच्या लग्नाच्या फोटोत नवरी स्पष्ट आहे आणि तिच्या शेजारी एक धुरकट पट्टा आहे. वहिनी आल्यागेल्याला तो फोटो दाखवते आणि पट्ट्यावर बोट ठेवून म्हणते, "हे आमचे हे."

अशा माणसानं मेंढ्या पाळाव्यात हे ठीकच झालं. मेंढ्यांना चरण्यासाठी चालावं लागतं आणि याला चालण्यासाठी काहीतरी निमित्त लागतं. घरामागे दगडी कुंपणाचा मेंढवाडा, त्याच्या शेजारी लोकर साठवायची एक अंधारी खोली आणि उताराला दोन कुरणं, एवढा त्याचा पसारा. मेंढ्या तशा चारचौघींसारख्या. पण त्यांच्यात एक होती मुकादमीण.

मुकादमीण म्हणजे कळपाची पुढारीण. अंगानं आडवी, तोंड काळं, एक कान फाटलेला, गळ्यात पितळी घंटा, आणि चेहऱ्यावर सतत असा भाव की आपल्या हाताखाली सगळी अडाणी माणसं दिली आहेत. ती वळली की कळप वळायचा, ती थांबली की कळप थांबायचा. घरात भिंगरीचं कुणी ऐकत नसे आणि कळपातही ऐकत नसे. पण कळप मुकादमिणीचं ऐकत असे आणि मुकादमीण भिंगरीची होती, त्यामुळे आपण कळप चालवतो असं त्याला म्हणता येई.

तिचा खरा मान वर्षातून एकदा होई. खालचं गवत संपत आलं की आजूबाजूचे सगळे कळप डोंगरावरच्या सामाईक कुरणात जात आणि पुढचे काही महिने तिथं एकत्र चरत. वर जायची वाट एकच. खाली फाटक, मग ओढा, ओढ्यावर फळ्यांचा पूल, मग चढण. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसतं. मेंढीला दुसरं काही कळो न कळो, पायाखाली पाणी दिसलं की ती पाय पुढं टाकत नाही. तिथं मुकादमीण पुढे व्हायची. घंटा वाजवत, मान ताठ ठेवून, फळ्यांकडे ढुंकूनही न बघता ती पलीकडे जायची आणि तिच्यामागून भिंगरीचाच काय, सगळ्यांचे कळप जायचे. त्या दिवशी भिंगरी तिच्या शेजारून असा चालायचा की पूल त्यानंच बांधलाय.

आणि हे बघायला त्याचे व्याही असायचे. भिंगरीच्या मुलीचे सासरे. त्यांचा कळप सगळ्यांत मोठा आणि हालचाल सगळ्यांत कमी. हा गृहस्थ एकदा दगडावर बसला की दगड कुठला आणि व्याही कुठले हे सांगायला जवळ जावं लागे. बोलणंही तसंच, चमच्यानं मोजून. भिंगरी त्यांच्यापुढे आणखी वळवळायचा. मुलगी दिलेल्या घरी आपली एकतरी गोष्ट वरचढ असावी असं कुठल्याही बापाला वाटतं. भिंगरीकडे ती एकच गोष्ट होती आणि तिच्या गळ्यात घंटा होती.

तर त्या वर्षी भिंगरीनं नवा एडका, म्हणजे मेंढ्यांचा नर, आणला. दूरच्या बाजारातून आणला, उमदा होता, शिंगं अशी की बघत राहावं. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या मेंढीवाल्यांना सांगून ठेवलेलं होतं की नवं जनावर आणलं की तीनेक आठवडे वेगळं बांधा, त्याच्या अंगावर काय पाहुणे आलेत ते आधी कळू द्या. भिंगरीनं वेगळं बांधलं. संध्याकाळपर्यंत. मग त्याला एडक्याची दया आली. "एकटा किती उदास दिसतोय," म्हणाला आणि त्याला कळपात सोडून दिलं. खरं म्हणजे उदास वगैरे कुणी नव्हतं. कळपात एडका कसा शोभतो ते बघायची याला घाई झाली होती.

काही दिवसांनी कळपाची चुळबुळ सुरू झाली.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. दुसऱ्या कुणाच्या मेंढ्या चरता चरता थांबून अंग घासायला लागल्या असत्या, पाय आपटायला लागल्या असत्या, मान मागे वळवून स्वतःचीच लोकर दातांनी ओढायला लागल्या असत्या, तर मालकाच्या काळजात चर्र झालं असतं. इथं लोक हसले. येणाराजाणारा कुंपणाशी थांबून म्हणायचा, "कळप मालकावर गेला रे." कुणी म्हणालं, "भिंगऱ्या, तुझ्या मेंढ्या पण एक गाल चरून उठतात वाटतं." भिंगरीही हसला. त्याला ते थोडं आवडलंसुद्धा. पोरं आपल्यावर गेली म्हटल्यावर कुणाला वाईट वाटतं?

वहिनीला तेवढं हसू आलं नाही. तिनं कुंपणाच्या तारेला अडकलेले लोकरीचे पुंजके गोळा केले आणि त्याच्यापुढे धरले.

"हे काय आहे?"

"लोकर आहे."

"मला वाटलं चिवडा आहे. अहो, एवढी लोकर तारेला का लागली?"

"घासतात जरा. काटे असतील अंगात. नाहीतर उवा. मेंढीला उवा होतात कधीमधी."

"मग उवा दाखवा मला."

भिंगरीनं एका मेंढीची लोकर फाकवली. उवा असत्या तर डोळ्यांना दिसल्या असत्या. दिसली नाही एकही. दिसला तो खांद्याजवळचा एक ओलसर, पिवळट पट्टा, त्यावर खपली, आणि खपलीच्या कडेनं लाल झालेलं कातडं. त्यानं लोकर पुन्हा नीट बसवली, जशी आपण गादीखालची वस्तू पाहून गादी बसवतो, आणि म्हणाला, "कुठंतरी घासलंय तिनं."

"म्हणजे घासल्यामुळे खाज सुटली?"

"तसंच काहीतरी."

वहिनीनं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला.

डॉक्टरीणबाई वयानं भिंगरीच्या मुलीएवढ्या, पण गोठ्यात शिरल्या की सगळ्यांची आई. त्यांनी आधी काहीच केलं नाही, नुसत्या फाटकावर हात टेकून बघत राहिल्या. भिंगरी त्यांच्याभोवती फिरत होता.

"काका, तुम्ही जरा एका जागी उभे राहता का? कोण वळवळतंय ते मला कळू दे."

मग त्यांनी एक मेंढी धरली आणि तिच्या पाठीच्या कडेला बोटांनी खसाखसा खाजवलं. मेंढीनं मान वर केली, डोळे अर्धे मिटले आणि तिचे ओठ चुटुचुटु हलायला लागले, जणू कुणी तिला लिमलेटची गोळी दिली होती.

"बघितलंत?"

"आवडलं तिला," भिंगरी म्हणाला.

"आवडलंच. ज्याला खाज आहे त्याला खाजवलेलं आवडतं. निरोगी मेंढी तुमच्याकडे बघून म्हणेल, हे काय चाललंय? हिला स्वर्ग दिसतोय." त्यांनी खपलीच्या कडेवरून, जिथं कातडं ओलं होतं तिथून, बोथट पात्यानं खरवडून काचेवर घेतलं. "मधून खरवडून उपयोग नाही. मधे सगळं उजाड झालेलं असतं. किडे कडेला असतात, नव्या जागेवर."

त्यांच्या गाडीत छोटं सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. गाडीचं मागचं दार उघडून, पोत्यावर यंत्र ठेवून त्यांनी भिंगरीला बघायला लावलं. तो नेहमीप्रमाणे डोळा लावून लगेच उठणार होता, पण उठला नाही. आत एक गोल, फिकट, केसाळ पायांचा प्राणी होता आणि तो स्वस्थ नव्हता. त्याच्यामागे दुसरा. ते कुठं चालले होते देव जाणे, पण घाईत होते.

"खरूज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंढ्यांची. कातडीवर राहतात, कातडी कुरतडतात, तिथून पाझरतं, ते वाळून खपली होते, खाजवून लोकर जाते. मेंढी खायची सोडून खाजवते आणि मग वाळते. कोकरू पोटात असेल तर त्याचंही खरं नाही. कुठून आलं?"

भिंगरीनं एडक्याकडे पाहिलं. एडका खांबाला शिंगं नाही, बूड घासत होता.

"मी त्याला वेगळं बांधलं होतं," भिंगरी म्हणाला.

"अर्धा दिवस," वहिनी म्हणाली.

उपाय डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितला, कारण अर्धवट उपाय म्हणजे किड्यांना नुसती सुट्टी. सामाईक कुरणाच्या पायथ्याशी सिमेंटचा लांबट हौद आहे, मेंढ्यांना गोचीड झाली की त्यात औषध घालून त्यांना पोहवतात. तोच वापरायचा. आदल्या दिवशी मेंढ्यांना भरपूर पाणी पाजायचं, नाहीतर तहानेनं हौदातलं पितात. दमलेल्या, नुकत्या पळवलेल्या मेंढीला आत घालायचं नाही. प्रत्येकीला पूर्ण भिजू द्यायचं, डोकंसुद्धा पाण्याखाली दाबायचं, कारण कानांत आणि डोळ्यांखालच्या खळग्यांत किडे दडतात. मग मेंढवाड्यात परत आणायचं नाही. तिथल्या खांबांवर, तारेवर पडलेल्या लोकरीत किडे काही दिवस जगतात. म्हणून वाडा दोन-तीन आठवडे रिकामा ठेवायचा आणि कळप दुसऱ्या कुरणात.

"आणि काका, एकूण एक मेंढी. खाज असलेली, नसलेली, लंगडी, लाडकी, सगळ्या. एक राहिली तर एकही धुतली नाही असं समजा."

भिंगरी म्हणाला, "हो हो." तो हो म्हणाला तेव्हा मुकादमीण त्याच्या शेजारी उभी होती. तिला खाज नव्हती. तिची लोकर पाठीपासून पोटापर्यंत जशीच्या तशी होती. डॉक्टरीणबाईंनी खाजवलं तेव्हा तिनं त्यांच्याकडे असं बघितलं होतं की त्यांनी हात मागे घेतला.

आता भिंगरीच्या डोक्यात काय होतं ते सांगायला हवं, कारण ते वेडेपणाचं असलं तरी फुकाचं नव्हतं. मेंढी माणसाला चेहऱ्यानं ओळखते की नाही याबद्दल वाद असतील, पण एकमेकींना त्या वासानं ओळखतात हे ज्यानं मेंढ्या पाळल्या त्याला ठाऊक आहे. मागे एकदा गोचिडीसाठी सगळा कळप त्याच हौदातून काढला होता. वर आल्यावर सगळ्यांना एकच उग्र वास. कोकरं आया हुंगत आणि तोंड फिरवून ओरडत सुटली. आया लेकरांना लाथा मारायला लागल्या. मुकादमीण घंटा वाजवत पुढं निघाली आणि तिच्यामागं कुणीही गेलं नाही. ती वळून बघत राहिली. ते दृश्य भिंगरीच्या छातीत रुतून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पूर्ववत झालं ही गोष्ट मात्र छातीपर्यंत पोहोचली नव्हती.

आता डोंगरावर जायचा दिवस दीडेक महिन्यावर आला होता. तिचा वास गेला आणि पुलावर कळप थबकले, व्याही दगडावरून बघताहेत, मुलगी सासरच्या माणसांत उभी आहे. हे चित्र त्याला दिवसा दिसायला लागलं. सगळ्या कळपाची एक मुकादमीण, तिला कशाला पाण्यात घालायची? तिला तर काही झालेलंच नाही. असं म्हणता म्हणता माणूस स्वतःला पटवतो, आणि भिंगरी स्वतःला पटवायलाही चालता चालताच लागला होता, त्यामुळे लवकर पटलं.

आंघोळीच्या दिवशी सकाळी मुकादमीण लोकरीच्या खोलीत होती. घंटेत फडकं कोंबलेलं. हौदाशी मेंढ्या एकेक करून आत घसरत होत्या, पोहत होत्या, डॉक्टरीणबाई लांब काठीच्या आकड्यानं डोकी दाबत होत्या आणि भिंगरी या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता. एडका पोहताना इतका खजील दिसत होता की पाहणाऱ्याला त्याची खरूज माफ करावीशी वाटली.

"सगळ्या आल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सगळ्या," भिंगरी म्हणाला आणि बूट बांधायला खाली वाकला. बूट बांधलेलाच होता.

घरी वहिनी दारात उभी होती. "लोकरीच्या खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग ते कुणी नाही आतून दाराला डोकं आपटतंय. अहो, ती काय तिथं सूत काततेय?"

भिंगरीनं तिला वासाची गोष्ट सांगितली. पुलाची गोष्ट सांगितली. व्याह्यांची सांगायची गरज पडली नाही.

"डॉक्टरीणबाईंना सांगा," वहिनी म्हणाली.

"सांगतो ना."

"आज सांगा."

"सांगतो म्हटलं ना," म्हणत तो बाहेर पडला आणि दिवसभर खांबांना चुना फासत राहिला. वहिनीनं संध्याकाळी पुन्हा विचारलं, तेव्हा तो छपरावर होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा तो छपरावरून उतरून विहिरीत होता. ज्याच्याशी बोलायचं तो माणूस कधी वर, कधी खाली. शेवटी वहिनी म्हणाली, "ठीक आहे. तुमची मुकादमीण आणि तुमचं नाक." एवढं म्हणून तिनं तो विषय सोडला. तिचं हे सोडणं धरण्यापेक्षा वाईट असतं.

खाज कमी होत गेली. खपल्या गळल्या, नवी लोकर उगवायला लागली, मेंढ्या पुन्हा मान खाली घालून चरायला लागल्या. लोक म्हणाले, "भिंगऱ्या, तुझा कळप शांत झाला, आता तुझं बघ." डॉक्टरीणबाई एकदा येऊन कळप लांबूनच पाहून गेल्या. "ठीक दिसतंय. पण शंका आली तर वर नेऊ नका. तिथं सगळ्यांच्या मेंढ्या अंगाला अंग लावून झोपतात. तुमची एक गेली की सगळ्यांच्या सगळ्या."

मुकादमीण आंघोळीच्याच संध्याकाळी कळपात परतली होती. सगळ्या मेंढ्यांना औषधाचा वास आणि हिला तिचा स्वतःचा. भिंगरी मनात म्हणाला, बघा, आता तर ती आणखी उठून ओळखू येईल.

डोंगरावर जायची सकाळ उजाडली. फाटकाशी सगळे कळप आपापल्या कुंपणात थोपवलेले. माणसं कपातून चहा पीत उभी होती, व्याही दगडावर होते, त्यांच्या मागे भिंगरीची मुलगी डोक्याला रुमाल बांधून कोकरं आवरत होती. कुठल्याही कळपाची अजून कुठल्याही कळपाशी गाठ पडली नव्हती. पद्धत अशी की मुकादमिणीनं फाटकातून एकटीनं पुढे व्हायचं, पुलावर पाय ठेवायचा, आणि मग एकामागून एक फाटकं उघडायची.

"चला, आणा तुमच्या बाईसाहेबांना," कुणीतरी ओरडलं.

भिंगरी कळपात वाकून तिच्या गळ्यात घंटा बांधत होता. वर्षातून एकदाच चकचकीत होणारी घंटा, नवा पट्टा. पट्टा ओढून बसवताना त्याची बोटं तिच्या खांद्यावरून घासली गेली. मुकादमिणीनं मान वर केली. डोळे अर्धे मिटले. आणि तिचे ओठ हलले.

भिंगरीनं हात काढला. ओठ थांबले. त्यानं पुन्हा खाजवलं, या वेळी मुद्दाम. चुटुचुटु, चुटुचुटु. जिनं आयुष्यभर कुणालाही तोंड हलवून उत्तर दिलं नव्हतं, ती लिमलेटची गोळी चघळत होती.

त्यानं तिची लोकर फाकवली. फार काही नव्हतं. नखाएवढी ओली जागा, कडेला लाल. लोकांना लांबून दिसलं नसतं. अजून महिनाभर कुणालाच दिसलं नसतं. आणि तोवर वर सगळे कळप एक झालेले असते, मग कुणाची खरूज कुणी दिली ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. हे सगळं भिंगरीला एका दमात दिसलं. आणि तो उभा राहिला.

नुसता उभा राहिला. हात सरळ, पाय सरळ. ओढ्याचं पाणी वाहत होतं, मेंढ्या ओरडत होत्या, लोक हाका मारत होते आणि भिंगरी खांबासारखा उभा होता. लोकांना वाटलं काहीतरी विधी चाललाय. फक्त त्याच्या मुलीनं हातातलं कोकरू खाली ठेवलं.

"मामंजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "आपलं फाटक उघडू नका."

"का?"

"बाबा उभे आहेत."

"मग?"

"बाबा कधी उभे राहत नाहीत."

ती कुंपणापाशी गेली, पण आत शिरली नाही. "बाबा, काय झालं?"

भिंगरीनं तिच्याकडे बघितलं, तिच्यामागच्या माणसांकडे बघितलं. एक सोपं उत्तर त्याच्या तोंडात आयतं होतं, की घंटेचा पट्टा तुटला, तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो. त्यानं ते गिळलं. "हिला खरूज आहे," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या कळपाला असणार. हिला मी धुतलीच नाही. लोकरीच्या खोलीत लपवली होती."

 मग सगळे एकदम बोलले. त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही. एकजण आपल्या मेंढ्या मागे रेटायला लागला, दुसऱ्यानं विचारलं की ही आंघोळ कुणाला घालायला हवी होती, मेंढीला की मालकाला. तिसरा म्हणाला, "आणि आता पुलावरून कोण नेणार? तुझं नाक?"

व्याही उठले. ही गोष्ट एवढी दुर्मिळ होती की माणसं आपोआप गप्प झाली.

"तुमची मेंढी कुणाच्या मेंढीला लागलीय का कुठं?" त्यांनी भिंगरीला विचारलं.

"नाही. मी आत्ताच आलोय. वेगळ्याच कुंपणात आहेत."

"मग मागे व्हा. वाट मोकळी करा." आणि थोडं थांबून, जणू चमचा अजून थोडा भरलेला होता, म्हणाले, "आधी बोललात ते बरं केलं."

डॉक्टरीणबाईंना फोन झाला. ज्यांचा संपर्क नाही त्यांनी वर जावं, पण रोज नजर ठेवावी, असं त्यांनी सांगितलं. भिंगरीनं आपला कळप उताराच्या कुरणात मागे नेला आणि तिथून, कुंपणावर चढून, पूल बघायला लागला. त्याच्या मनात काय होतं हे तो आजही कबूल करत नाही. पण पुलाशी सगळ्या मेंढ्या अडाव्यात, अगदी थोडा वेळ अडाव्यात, एवढं तर कुणाच्याही मनात आलं असतं.

व्याह्यांची एक बारकी, कसलाच लौकिक नसलेली मेंढी पुलापाशी आली. फळ्यांच्या फटीतून खाली बघितलं. पलीकडलं गवत बघितलं. आणि तुरुतुरु निघून गेली. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्या.

मुकादमिणीवाचून कुणाचं काही अडलं नाही. भिंगरी कुंपणावरून खाली उतरला. वहिनी शेजारी होतीच. ती काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत होता. ती म्हणाली, "हौदात पाणी भरायला लागेल ना? मग चला." बास.

पुन्हा सगळा कळप धुतला गेला. या वेळी पहिली मुकादमीण. भिंगरीनं तिला स्वतः आत सोडलं, स्वतः डोकं दाबलं, आणि ती वर आल्यावर तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर त्यानं निमूटपणे सोसली. डॉक्टरीणबाईंनी "सगळ्या आल्या?" असं विचारलं नाही. त्यांनी स्वतः मोजल्या. भिंगरीनं हरकत घेतली नाही.

आणि हो, तिच्यामागे कुणी गेलं नाही. औषधाचा उग्र दर्प, मेंढ्या एकमेकींना हुंगून तोंडं वाकडी करताहेत, मुकादमीण पुढे जाऊन वळून बघतेय. सगळं अगदी भिंगरीला भीती होती तस्संच झालं. तो तिच्याजवळ गेला. तिला ढकललं नाही, हाकही मारली नाही. नुसता तिच्या पुढे दोन पावलं, मग मागे, मग डावीकडे, मग पुन्हा पुढे असा येरझारा घालत राहिला, कारण दुसरं काही त्याला सुचतही नव्हतं आणि येतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या तिच्यामागे होत्या. मागच्या वेळीही असंच झालं होतं हे वहिनीनं सांगितलं. "मला आठवत नाही," भिंगरी म्हणाला.

मग आला सगळ्यांत कठीण काळ. वाट बघायचा. कळप खाली, बाकी सगळे वर. खालचं गवत संपलेलं, विकतचा चारा टाकायचा. रोज सकाळी भिंगरी प्रत्येक मेंढीची पाठ खाजवून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मेंढ्या त्याच्याकडे बघायच्या. येणारेजाणारे म्हणायचे, "दोघांत खाज नक्की कुणाला आहे?" डॉक्टरीणबाई दोनदा येऊन खरवडून गेल्या. दुसऱ्यांदा काचेवर काहीच वळवळलं नाही. भिंगरीनं यंत्रात इतका वेळ डोळा लावला की त्यांना शेवटी म्हणावं लागलं, "काका, उठा आता, गाडी न्यायची आहे."

मग तो एकटाच कळप घेऊन वर निघाला. फाटकाशी कुणी नव्हतं, चहा नव्हता. पुलापाशी मुकादमीण थांबली. तिच्या गळ्यात या वेळी घंटा नव्हती. त्या दिवशीचा पट्टा जाळला होता आणि दुसरा बांधायची याची हिंमत झाली नव्हती. तिनं फळ्यांकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असावं. मग गेली. मागे कळप. सगळ्यांच्या मागे भिंगरी, मग मधे, मग पुढे, मग पुन्हा मागे.

वरच्या कुरणाच्या दाराशी व्याही दगडावर बसले होते. त्यांनी कळप येताना बघितला, सगळा येईपर्यंत बघितला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठले आणि दार न उघडता कुंपणावरून वाकून मुकादमिणीच्या पाठीला खाजवायला लागले. सावकाश खाजवत होते. सावकाशच त्यांचा स्वभाव. नजर तिच्या तोंडावर.

भिंगरी उभा होता. हात सरळ, पाय सरळ.

मुकादमीण व्याह्यांकडे बघत राहिली. हा कोण, आणि याचं काय चाललंय, असा तिचा चेहरा. ओठ मिटलेले.

व्याह्यांनी आणखी थोडं खाजवलं. मग हात झटकला आणि दाराची कडी काढली.

"या," ते म्हणाले. "बसा जरा."

पण ते कुणाला म्हणाले हे त्यांनाच कळलं नाही. भिंगरी केव्हाच आत शिरून कुरणाच्या पलीकडच्या टोकाला तारा ओढून बघत होता.